बाई, बघा ना

मागच्या मंगळवारची गोष्ट. दुसरीतली एक पोरगी वही घेऊन टेबलापाशी आली, "बाई, बघा ना." मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते, पोषण आहाराची रोजची माहिती भरायची होती, रेंज जात-येत होती आणि तेवढ्यात आमच्या शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर "तात्काळ" म्हणून आणखी एक लिंक पडली. मान वर न करताच म्हटलं, थांब गं जरा. ती बराच वेळ उभी राहिली, मग जागेवर जाऊन बसली.

संध्याकाळी वही उघडली तर तिनं पहिल्यांदाच फळ्यावरचं न उतरवता स्वतःच्या मनानं लिहिलं होतं, "आमची शेळी व्याली. दोन करडं झाली." व्याली बरोबर लिहिलेलं! आणि खरं सांगते, ते वाचून मला काहीच वाटलं नाही. टिक केली, पुढची वही घेतली. रात्री झोपताना मात्र त्याचीच भीती वाटली.

बर्नआउट म्हणतात ते हेच. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार नाही म्हटलं, कामातल्या सततच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं. शीण, कामावरून मन उडणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तिन्ही माझ्यात आहेत.

आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. सर बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या, कामाला गेले की चारही वर्ग माझ्याकडे. त्यात यूडायस (शाळेची नि मुलांची सरकारी ऑनलाइन नोंद), अपार आयडी (प्रत्येक मुलाचा शैक्षणिक ओळख क्रमांक), आणि आधार, म्हणजे शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरमधलं नाव नि आधारवरचं नाव एका अक्षरानं जुळलं नाही तरी मूल अवैध दिसतं, आणि संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पटसंख्या कमी धरली तर शिक्षकाचं पदच जायची भीती. जानेवारी 2024 मध्ये तर मराठा आरक्षणाचं सर्वेक्षण करत आम्ही दारोदार फिरलो. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसरं काम देऊ नका असं लिहिलंय, 2009 चा कायदा आहे हो! "मास्तरांना काय, सुट्ट्याच सुट्ट्या" म्हणणाऱ्यांनी एक दिवस येऊन बसावं, पोरांना शिकवायचा कंटाळा कुणालाच नाहीये, शिकवूच देत नाहीत याचा शीण आहे.

या आठवड्यापासून पहिले दोन तास मोबाईल कपाटात ठेवते. काल वरच्या साहेबांचा फोन आला, माहिती अजून का नाही भरली. म्हटलं सर, वर्ग चालू होता, मधल्या सुट्टीत भरते. ते जरा थांबले, मग "बरं" म्हणाले.