आईच्या पाटल्या

"सख्ख्या भावावर पोलीस घातलेस?" पुण्याहून मावशी विचारते, इथे मेरीलँडला संक्रांतीचा तिळगूळ हातावर ठेवता ठेवता बायका विचारतात. एकदाच सांगते.

पोलीस नाही घातले, अर्ज केला. ज्याच्या हातात शस्त्र असणं धोक्याचं, त्याच्याकडून ते कोर्टाच्या आदेशाने काही काळ काढून घेणारा इथला कायदा, त्याला रेड फ्लॅग कायदा म्हणतात; त्याखाली रक्ताच्या नात्यातल्या कुणालाही तो करता येतो. (लिहिताना कळतंय, फरक फार नाही.)

वहिनी गेल्यावर दादा नुसता बसून असायचा. डॉक्टर सुचवून झाले होते. मग एका गुरुवारी रात्री फोन आला: "आईच्या पाटल्या घेऊन जा. किल्ली कुंडीखाली आहे." घरात दोन पिस्तुलं, रीतसर परवान्याची. या देशात बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त जण स्वतःवरच गोळी झाडतात.

कोर्ट बंद असलं तरी कोर्टाचा कमिशनर, म्हणजे तात्पुरता आदेश देऊ शकणारा अधिकारी, रात्री बसतो. शपथ घेतली. कुणाला धमकी दिलीय? नाही. जीव देईन म्हणालाय? तसं नाही म्हणाला. पाटल्या इंग्रजीत कशा सांगायच्या? बांगड्या म्हणाले. आईच्या बांगड्या देऊन टाकतोय म्हणून त्याची पिस्तुलं काढून घ्या, असा तो अर्ज. आजही वाचवत नाही. कमिशनरने सही केली. दादाला यातलं काही माहीत नव्हतं.

पहाटे त्याच्या गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसले. ५ नोव्हेंबर २०१८ला, कायदा लागू होऊन जेमतेम महिना झाला असताना, याच राज्यात असाच आदेश घेऊन पोलीस पहाटे सव्वापाचला एका दारात गेले होते आणि झटापटीत तो माणूस त्यांच्या गोळीने गेला होता. हे मला पाठ होतं, तरी मी अर्ज केला होता. दारावरचा दिवा लागला. दादा लेंग्यावर बाहेर आला, दोन्ही हात वर करून. तो एवढा वाळलाय हे मला तेव्हा दिसलं.

आठवड्याभरात सुनावणी झाली. दिवाणी मामला, त्यामुळे त्याला वकील द्यायला कुणी बांधील नव्हतं. न्यायाधीशांना तो एवढंच म्हणाला की आधी नेलं, मग विचारलं. बाहेर मला म्हणाला, "बाबांनाही असंच नेलं होतं."

बाबा १९७५ला, आणीबाणीत, मिसा कायद्याखाली येरवड्याच्या तुरुंगात होते. खटला नाही, काही नाही. म्हणूनच २०१८मध्ये इथल्या रेड फ्लॅग कायद्याविरुद्ध मीच दादाशी तावातावाने भांडले होते. तेव्हा तो हसून म्हणाला होता, "अगं, पिस्तूल नेणं म्हणजे माणूस नेणं नव्हे."

मिसा वेगळी, हो. इथे आदेश जास्तीत जास्त वर्षाचा, आणि त्यासाठी स्पष्ट, खात्रीलायक पुरावा लागतो. कोर्टाने दुसऱ्याच्या जिवाला धोका ठरवलेल्या माणसाची बंदूक तात्पुरती काढून घेता येते, असा इथल्या सुप्रीम कोर्टाचा २०२४चा रहिमी नावाच्या माणसाच्या खटल्यातला निकाल, ८ विरुद्ध १, लोक मला शाबासकीसारखा पाठवतात. पण रहिमीला आदेशाआधी नोटीस मिळाली होती. दादाला नाही. मिळाली असती तर ती त्याने पिस्तूल शेजारी ठेवूनच वाचली असती, असं मला वाटतं. वाटतं, एवढंच.

वर्ष सरलं, पिस्तुलं त्याला परत मिळाली. मी पाटल्या परत द्यायला गेले. त्याने दार उघडलं, पाणी दिलं. डबीकडे बघून म्हणाला, "ठेव तुझ्याकडेच."

मी गाडीत येऊन बसले आणि किती तरी वेळ किल्ली फिरवली नाही.