प्रोग्राम आपला असेल तर मूल टिकते

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगशी संबंधित उपक्रम सुरू करण्याचे म्हटले आहे, आणि तेव्हापासून 'आत्ता शिकला नाही तर मागे पडेल' ही काळजी पालकांच्या बोलण्यात वारंवार ऐकू येते. मी याच वयाच्या मुलांना शिकवते. बारा वर्षांच्या मुलाला पुढच्या नोकरीची धास्ती घालून संगणकासमोर बसवता येते, पण प्रोग्राम अडला की त्या धास्तीच्या जोरावर ते तिथे टिकत नाही, असे मी सतत पाहत आले आहे.

सातवीतल्या एका मुलीने स्क्रॅचमध्ये, म्हणजे सूचनांचे रंगीत ब्लॉक जोडून प्रोग्राम करायच्या मुलांच्या भाषेत, झाडावरून पडणारे आंबे टोपलीत झेलण्याचा खेळ करायला घेतला होता. टोपली बाणांच्या कळांनी सरकत होती, आंबाही पडत होता, पण तो टोपलीत आला तरी गुण काही वाढत नव्हते. 'आंबा टोपलीला लागला, तर गुण १ ने वाढव' ही अट तिने बरोबर लिहिली होती. आंब्याचा वेग कमी करून झाला, टोपली मोठी करून झाली, ब्लॉक सुटे करून पुन्हा जोडून झाले. तेव्हा मी तिला एवढेच विचारले, की संगणक ही अट नेमकी केव्हा तपासतो? थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, "खेळ सुरू करायचा हिरवा झेंडा दाबल्यावर. पण बाई, तेव्हा तर आंबा झाडावरच असतो!" अट सुरुवातीला एकदाच तपासली जात होती. सतत चालणाऱ्या ब्लॉकच्या आत ती टाकताच गुण वाढू लागले, आणि तेही असे, की आंबा टोपलीला लागून असेपर्यंत एकाच आंब्याचे गुण भराभर चढत राहिले. मग झेललेला आंबा लगेच पुन्हा झाडावर पाठवायचा, हा उपाय तिने स्वतःच शोधला. त्याच वर्गाला मी सर्वांसाठी एकच ठरवून दिलेला कॅल्क्युलेटर करायला सांगितला होता, तेव्हा अडलेली बहुतेक मुले हाताची घडी घालून माझी वाट पाहत बसली होती.

गणितज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये लोगो ही मुलांसाठीची प्रोग्रामिंगची भाषा तयार केली, तिच्यामागे मूल स्वतःचे काही करताना शिकते, हीच दृष्टी होती. लोगोत सूचनेप्रमाणे सरकत मागे रेघ काढणारे एक कासव असते; त्याच्याकडून समभुज त्रिकोण काढून घेताना मुले हमखास ६० अंशांचे वळण देतात, कारण त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे त्यांना पाठ असते. कासव मात्र अर्धा षटकोन काढून थांबते. मग फरशीवर स्वतः चालून पाहिले, की वळायचे १२० अंशांत, हे ध्यानात येते. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधून २००७ मध्ये आलेले स्क्रॅच याच परंपरेतले आहे.

कोडिंगच्या वर्गांत मिळणाऱ्या प्रमाणपत्रांविषयी मला मनापासून चिंता वाटते. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्या बालवाडीतल्या मुलांना चित्र काढण्याबद्दल प्रमाणपत्र देण्याचे आधीच कबूल केले होते, ती पुढे मोकळ्या वेळेत इतर मुलांच्या मानाने निम्माच वेळ चित्रे काढत होती. ती मुले लहान होती, विषयही वेगळा होता. तरीही प्रत्येक पायरीला बिल्ला देणारे कोडिंगचे वर्ग पाहिले, की मला हा प्रयोग आठवतो.

याहूनही मोठी अडचण आपल्या शाळांतल्या बाकावर आहे. एका संगणकापुढे तीन मुले बसतात, माऊस ज्याला आधीपासून येते त्याच्या हातात जातो आणि मागे बसलेल्या मुली तासभर नुसत्या पाहतात. बघता बघता त्यांचे मन उडते, आणि आपण मात्र त्यांना आवड नाही असे ठरवून मोकळे होतो. म्हणून माझ्या तासाला माऊस ठरावीक वेळाने पुढे सरकतो, आणि ज्याच्या हातात माऊस आहे त्याने शेजारच्याने सांगितलेलेच करायचे असते.