पुलावरच्या रियाजानंतरचा आवाज: सनी रॉलिन्स यांचा ‘द ब्रिज’

जॅझमधल्या टेनर सॅक्सोफोनवादकांच्या अल्बमपैकी मी सर्वांत जास्त वेळा कोणता ऐकला असेल, तर तो सनी रॉलिन्स यांचा ‘द ब्रिज’. १९६२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये त्याचे ध्वनिमुद्रण झाले आणि त्याच वर्षी आरसीए व्हिक्टर कंपनीने तो प्रकाशित केला. त्यामागची हकीकत जॅझप्रेमींना तोंडपाठ असते, पण त्या हकीकतीच्या कौतुकात प्रत्यक्ष संगीताकडे जरा दुर्लक्ष होते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

हकीकत थोडक्यात अशी. १९५९ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, कीर्तीच्या शिखरावर असताना रॉलिन्स यांनी जाहीर वादन थांबवले, कारण होणारी वाहवा आपल्या वादनाच्या मानाने जास्त आहे, असे त्यांचे मत झाले होते. मॅनहॅटनमधल्या घरात रियाज केला तर शेजाऱ्यांना त्रास होणार, म्हणून ते जवळच्या विल्यम्सबर्ग पुलाच्या पादचारी मार्गावर जाऊन तासन्‌तास वाजवत असत. खाली ईस्ट रिव्हर, शेजारून धडधडत जाणाऱ्या गाड्या, आणि त्या गोंगाटात भर थंडीतही चाललेला एकट्याचा रियाज. १९६१ च्या अखेरीपर्यंत हा क्रम सुरू होता.

दरम्यान ठरलेल्या चौकटी झुगारून वाजवणारे सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन न्यूयॉर्कला येऊन थडकले होते आणि जॅझची भाषाच बदलू लागली होती. त्यामुळे रॉलिन्स परततील ते काहीतरी क्रांतिकारक घेऊनच, अशी अनेकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांनी सहापैकी चार रचना जुन्या, लोकांच्या ओठांवर असलेल्या गाण्यांच्या निवडल्या, आणि काही समीक्षकांचा हिरमोड झाला. माझ्या मते या समीक्षकांनी नवेपण चुकीच्या जागी शोधले. ते आहे वाद्यमेळाच्या रचनेत. पियानो नाही, त्याच्या जागी जिम हॉल यांची गिटार, सोबत बॉब क्रॅनशॉ यांचा बास आणि बहुतेक रचनांमध्ये बेन रायली यांचे ड्रम्स. पियानोचे भरगच्च स्वरमेळ सॅक्सोफोनवादकाला आधार देतात, तशीच त्याची वाटही आखून देतात. हॉल मात्र दोन-तीन स्वर ठेवून बाजूला होतात, पुष्कळदा काहीच वाजवत नाहीत, आणि रॉलिन्स यांच्या रुंद, भरदार स्वराला हवी तेवढी मोकळी जागा मिळते.

शीर्षकरचनेत सॅक्सोफोन आणि गिटार अतिद्रुत लयीत जोडीने धावतात आणि लय मध्येच पालटते, तरी कोठेही धाप लागल्यासारखे वाटत नाही. पण पुलावरच्या रियाजाचे खरे फळ मला ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ या विलंबित गाण्यात ऐकू येते. जॅझ गायिका बिली हॉलिडे यांनी अजरामर केलेली ही चाल वाजवताना रॉलिन्स स्वरांची आतषबाजी करत नाहीत. एकेक स्वर पूर्ण वजनाने लावतात, तो विरू देतात आणि मगच पुढच्या स्वराकडे वळतात. एवढी तयारी असलेल्या वादकाने हाताशी असलेले इतके सारे न वाजवता सोडून द्यावे, यामागे फार मोठा आत्मविश्वास लागतो.

रॉलिन्स यांची माघार ही एकदाचीच नव्हती. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा रंगमंचापासून दूर झाले आणि योग व वेदान्ताच्या अभ्यासासाठी थेट मुंबईत, पवईच्या आश्रमात येऊन राहिले. ज्यांनी त्यांना अद्याप ऐकलेले नाही, त्यांनी ‘द ब्रिज’पासून सुरुवात करावी, आणि शक्य झाल्यास पहिल्या खेपेला केवळ जिम हॉल यांच्या गिटारकडे कान द्यावा, सॅक्सोफोन दुसऱ्या खेपेला अधिक चांगला कळतो.