क्लॅम्पजवळची चीर

फोंड्यातील एका गॅरेजमध्ये काही वर्षांपूर्वी मी ३५० सीसीची जुनी मोटारसायकल हवी तशी बांधून घेतली आणि तिला उंच, मागे झुकलेले हँडल बसवले. गेल्या श्रावणात चोर्ला घाट उतरताना ते डावीकडे किंचित सैल लागले. थांबून पाहिले, तर हँडल घट्ट धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पलगतच्या वेल्डिंगपाशी केसाएवढी चीर गेली होती. नळी बाहेरून क्रोमने चकाकत असली, तरी आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेने तिच्या आत गंज धरलाच होता.

मिस्त्रींनी पुन्हा वेल्डिंग सुचवले, ते मी मानले नाही, कारण त्या उष्णतेने शेजारचा धातू दुबळा होतो आणि सारा ताण नेमका तिथेच येतो. नवे हँडल घेताना व्यास मोजूनच घ्यावा. २२ मिलिमीटरच्या क्लॅम्पमध्ये २५.४ मिलिमीटरची नळी बसत नाही, आणि उलट प्रकारात पत्र्याची पट्टी घालून जागा भरणे हा निव्वळ अविचार आहे.

खरा वेळ केबलींनी खाल्ला. नवे हँडल बुटके असल्यामुळे क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबली दुमडू लागल्या, म्हणून त्यांचा मार्ग बदलावा लागला. त्यानंतर इंजिन सुरू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले; उजवीकडे वळवताच इंजिनाचा आवाज चढला, म्हणजे केबल अजून ताणली जात होती. ती सैल केल्यावरच मी गाडी रस्त्यावर काढली. आरसे मात्र अद्याप माझे कोपरच दाखवतात.