पितळी निरांजन

सणासुदीचे दिवस दुःखात असलेल्या माणसांना अधिक जड जातात, म्हणून मी दिवाळीतही समुपदेशनाची सत्रे सहसा रद्द करत नाही. त्या वर्षी भाऊबिजेच्या आदल्या संध्याकाळी जे गृहस्थ आले (ओळख पटेल असे सर्व तपशील मी बदलले आहेत), त्यांची थोरली बहीण त्याच वर्षी वारली होती आणि आठ महिन्यांपासून ते दर आठवड्याला माझ्याकडे येत होते. बसताच त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले पितळी निरांजन काढून टेबलावर ठेवले. शेजारी फुलवातींची डबी आणि एक साडी. निरांजनाच्या कडेवर, भांड्यांवर घालतात तसे, बहिणीचे नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले होते.

"ताई, उद्याचा दिवस मला सोसणार नाही. आजच ओवाळा मला."

भाऊ नसलेली बाई भाऊबिजेला चंद्राला ओवाळते. बहीण गेलेल्या भावासाठी मात्र आपल्याकडे अशी काही सोय नाही, हे मनात आले आणि माझा हात खरोखरच निरांजनाकडे गेला. मग मी तो मागे घेतला. "हे तुमच्या ताईंचे आहे. मी त्यांच्या जागी बसले, तर त्यांच्याविषयी तुम्ही माझ्याशी मोकळेपणाने बोलू शकणार नाही," एवढेच मला सुचले. त्यांनी काही न बोलता निरांजन पुन्हा कागदात गुंडाळले आणि निम्मे सत्र बाकी असताना ते निघून गेले.

चूक त्या संध्याकाळची नव्हती. पहिल्या महिन्यात त्यांनी मला 'ताई' म्हटले, तेव्हा त्या हाकेविषयी बोलायला हवे होते. मी बोलले नाही; उलट खासगी मोबाइल क्रमांक दिला आणि सत्रे पन्नास मिनिटांऐवजी सव्वा तास चालू दिली. उपचारांत रुग्णाला वाटणारी ओढ ही त्या परिस्थितीतून येते, वैद्याने ती स्वतःच्या गुणांची पावती समजू नये, असे मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने 1915 मध्येच बजावले होते. अमेरिकन समुपदेशक संघटनेची 2014 ची आचारसंहिता भेटवस्तूंना सरसकट मनाई करत नाही. काही संस्कृतींत छोटी भेट हा आदराचा भाग असतो हे ती मान्य करते, पण देणाऱ्याचा हेतू पाहा आणि स्वतःला ती का घ्यावीशी किंवा नाकारावीशी वाटते तेही पाहा, असे सांगते. हे सारे मी विद्यार्थ्यांना शिकवत आले होते.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या पर्यवेक्षक, म्हणजे माझ्या समुपदेशनाच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या, बाईंकडे गेले. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारले, "ती हाक तुला हवीशी वाटत होती का?" मला भाऊ नाही. लहानपणापासून मी चंद्रालाच ओवाळत आले आहे. हे सत्य मी त्या आठ महिन्यांत एकदाही स्वतःसमोर मांडले नव्हते, आणि त्याची किंमत एका शोकाकुल माणसाने मोजली होती.

पुढचे दोन आठवडे ते आले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात आले, तेव्हा मी आधी माझी चूक कबूल केली आणि वेळ, फोन व संबोधन यांविषयी पहिल्यांदाच स्पष्ट बोलले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, गेल्या वर्षीच्या भाऊबिजेला ती ताट तयार ठेवून रात्रीपर्यंत वाट पाहत होती. मी गेलोच नाही."

आठ महिन्यांत हे त्यांनी मला सांगितले नव्हते.