आईचा खुबा आणि बारा अंकी नंबर

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. पहाटे आई गोठ्याकडे निघाली, आणि ओल्या शेणावरून पाय सरकला. वहिनीने हाक ऐकली तेव्हा ती कुशीवर पडलेली होती आणि म्हणत होती, "काही नाही, चमक भरलीय, जरा चोळ." शेजारच्या काकूंनी तेल कोमट करून आणलंसुद्धा. दादाने पाय पाहिला आणि चोळू दिलं नाही. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं होतं. खुबा मोडल्याची ही अगदी ठळक खूण असते, हे आम्हाला नंतर कळलं. दादाला एवढंच वाटलं की हे चमक भरल्यासारखं दिसत नाही.

माझं माहेर मराठवाड्यातलं, मी राहते पुण्यात. दुपारी चारला तालुक्याच्या गावी पोचले तेव्हा आई एका खाजगी हॉस्पिटलात दाखल झालेली होती. एक्स-रे झाला होता. मांडीचं हाड खुब्याच्या वाटीत जिथे बसतं, त्याच्या मानेलाच मोडलं होतं आणि जागेवरून हललं होतं. या वयात (आई एकाहत्तरची) तिथला रक्तपुरवठा तुटतो, हाड जुळायची खात्री नसते, म्हणून वरचा गोळा काढून धातूचा बसवतात. हे सगळं तिथल्या डॉक्टरांनी मला बसवून, चहा देऊन, प्लास्टिकचा खुबा हातात धरून नीट समजावलं. नंतरच्या बारा दिवसांत इतक्या निवांतपणे माझ्याशी कोणी बोललं नाही, म्हणून हे आधीच लिहून ठेवते.

मग काउंटरवर गेले. पॅकेज एक लाख सत्तर हजार, गोळा भारी कंपनीचा हवा असेल तर वर चाळीस. निम्मे पैसे आज भरायचे. नवऱ्याच्या कंपनीची पॉलिसी आहे, पण तिच्यात सासू-सासरे बसतात, आई बसत नाही. म्हणजे त्याचे आईवडील बसतात, माझी आई नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, हे त्या दिवशी पहिल्यांदा टोचलं.

दारात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा, म्हणजे सरकारी खर्चाने उपचार होतात त्या योजनेचा, बोर्ड होता. मी विचारलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "योजना आहे मॅडम, पण हाडाची नाही. आमच्याकडे किडनी स्टोनची आहे." तो खोटं बोलत नव्हता. हॉस्पिटल योजनेत असतं म्हणजे सगळ्या आजारांसाठी असतं असं नाही, कोणत्या विभागासाठी घेतलंय ते वेगळं विचारावं लागतं. बोर्डावर ते लिहिलेलं नसतं.

रात्र तिथेच काढली. सकाळी बिल तेवीस हजार चारशे. मी तपशील मागितला तर मुलगा जरा नाराज झाला, पण दिला. बेड, नर्सिंग, आरएमओ (म्हणजे ड्यूटीवरचा डॉक्टर), मॉनिटर, 'बायोमेडिकल वेस्ट' आणि 'इतर'. खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि पंधरा सेवांचे दर दर्शनी भागात लावायचे, असा नियम २०२१ मध्ये राज्याने केला आहे. इथे ती चौकट होती, पाणी शुद्ध करायच्या मशीनच्या मागे. मान वाकडी करून वाचली. 'इतर' नावाची सेवा त्या पंधरांत नव्हती. ते दोन हजार कमी झाले. 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत' या कागदावर दादाने सही केली, मी एक्स-रेची फिल्म आणि सगळे रिपोर्ट मागून घेतले, आणि खाजगी अँब्युलन्सला साडेचार हजार देऊन मेडिकल कॉलेजला जोडलेल्या सरकारी रुग्णालयाकडे निघालो. ऐंशी किलोमीटर. प्रत्येक गतिरोधकाला आई माझ्या मनगटात नखं रुतवत होती.

पुण्यातला मामेभाऊ फोनवर म्हणत होता की इकडे आण, ट्रस्टच्या हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा गरिबांना फुकट आणि दहा टक्के निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. ते खरं आहे. पण त्याला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हवा, आणि त्या खुब्याला तीनशे किलोमीटर रस्ता सोसणार नव्हता.

अपघात विभागात पहिला प्रश्न आला, "पेशंटचे नातेवाईक कोण?" पुढचे बारा दिवस माझं नाव हेच होतं. केसपेपरचे वीस रुपये मागितले तेव्हा मी म्हटलं, सरकारी दवाखान्यात आता सगळं मोफत झालंय ना? खिडकीतल्या बाईंना हे रोज शंभरदा ऐकावं लागत असणार. म्हणाल्या, "ते १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत. आमचं खातं वैद्यकीय शिक्षण. इथं पावती फाडावीच लागते." प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय एका खात्याचं आणि मेडिकल कॉलेजचं दुसऱ्या, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

स्ट्रेचर मिळालं, ओढणारे मामा मिळाले नाहीत. दादा पुढून, मी मागून. एक्स-रे पुन्हा काढायला एका इमारतीत, रक्त द्यायला दुसऱ्या, मग तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट दुपारी दोन ते चार बंद. संध्याकाळी सहाला आईला खाट मिळाली आणि एका निवासी डॉक्टरने तिच्या पायाला पट्ट्या चिकटवून दोरी बांधली, दोरी खाटेच्या टोकावरून खाली सोडली आणि वजन म्हणून तिला दोन विटा लटकवल्या. मी बघतच राहिले. तो म्हणाला, "ताई, वजन ते वजन. विटेला कोणी चोरत नाही." ओढ बसल्यावर वीस मिनिटांत आईचं कण्हणं थांबलं. तालुक्याला तेवीस हजारांत हे कोणी केलं नव्हतं.

हा डॉक्टर असेल सत्तावीस-अठ्ठावीसचा. दोन रात्री झोपला नव्हता हे डोळ्यांवरून कळत होतं. तो चालता चालता बोलायचा, म्हणून त्याच्याबरोबर चालायला शिकावं लागलं. या वयात ऑपरेशन जितकं लवकर तितकं चांगलं, पडून राहिलं की छातीत कफ होतो, पाठीला जखमा होतात, हे त्यानेच सांगितलं. आणि मग हेही, की लिस्टला आईच्या आधी अकरा जण आहेत आणि रात्री रस्त्यावरचा अपघात आला की तो आधी घ्यावा लागतो. शिवाय आई रक्त पातळ करायची गोळी घेत होती. ती बंद करून पाच दिवस थांबल्याशिवाय भूलवाले पाठीत सुई देणार नव्हते.

त्या पाच दिवसांत मला करायचं होतं योजनेचं काम. वॉर्डात तिला सगळे अजून 'जीवनदायी'च म्हणतात. जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये महात्मा फुल्यांचं नाव आलं, पुढे कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा वाढून पाच लाख झाली, आता पांढरं कार्डही चालतं. पण सिस्टर विचारतात, "जीवनदायीत बसवलं का?"

तळमजल्यावर आरोग्यमित्राचं, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल. रेशनकार्ड आणि आधार. आमच्याकडे दोन्ही होतं, म्हणून मी निर्धास्त होते. त्याने कार्ड उलटंपालटं केलं. "बारा अंकी नंबर?" रेशनकार्डाचा हा नंबर जुन्या केशरी कार्डावर नसतो, ऑनलाइन नोंदीत असतो. गावाकडे वहिनी रेशन दुकानदाराकडे गेली, दुकान बंद. दुसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा त्याने अंगठ्याच्या मशीनमधून पावती काढून दिली, तिचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. नंबर मिळाला. नंबर टाकल्यावर आईचं नाव आलं, पण नावापुढे 'बाई' लागलेलं. आधारवर नुसतं नाव. माणूस एकच, पण संगणकाला ते पटवायचं कसं?

ओळख पटवण्यासाठी ओटीपी गेला तो दादाच्या तीन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या नंबरवर. मग अंगठा. पण पेशंट विटा लटकवून तिसऱ्या मजल्यावर. मला वाटलं आता संपलं. तर तो आरोग्यमित्र दुपारचं जेवण बाजूला ठेवून मशीन काखोटीला मारून जिन्याने वर आला. आईचा एकही अंगठा, एकही बोट उमटेना. पन्नास वर्षं खुरपं धरलेले हात, रेषा झिजून गेलेल्या. शेवटी बोटांऐवजी डोळ्यांच्या स्कॅनवर घेतलं. आईने डोळे इतके मोठे केले की आजूबाजूच्या चार खाटा हसल्या.

अर्ज वर गेला. दुसऱ्या दिवशी 'क्वेरी' आली, एक्स-रेवर नाव आणि तारीख स्पष्ट दिसत नाही. पुन्हा फोटो. तिसऱ्या दिवशी मंजुरी. म्हणजे आता गोळा, ऑपरेशन, औषधं, पुढची तपासणी, कशाचेच पैसे नाहीत. तरीही एका रात्री 'बाहेरून आणा' म्हणून इंजेक्शनांची चिठ्ठी हातात आली. आणली, एक हजार साठ रुपये. सकाळी आरोग्यमित्राला बिल दाखवलं तर म्हणाला, योजनेतल्या पेशंटला अशी चिठ्ठी द्यायची नसते, आधी माझ्याकडे यायचं, मी नसलो तर योजनेच्या १५५३८८ या नंबरला फोन लावायचा. पुढची चिठ्ठी आली तेव्हा मी सिस्टरसमोर उभी राहून तो नंबर मोबाइलवर दाबू लागले. स्टोअरमध्ये इंजेक्शन सापडलं.

बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुष नातेवाईक चालत नाही. दादा खाली आवारात झाडाखाली, मी आईच्या खाटेखाली सतरंजीवर. बेडपॅन कसा सरकवायचा, दोन दोन तासांनी कूस बदलता येत नसेल तर पाठीखाली हात घालून हवा कशी लागू द्यायची, हे मला सिस्टरने शिकवलं नाही. साठ खाटांना दोन सिस्टर होत्या, त्या कुठे शिकवणार. शिकवलं शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या सुनेने. ती तांड्यावरची, एकवीस दिवस तिथे होती. तिला सगळं ठाऊक होतं. कोणता डॉक्टर खरं बोलतो, कोणत्या मावशी पन्नास रुपयांशिवाय चादर बदलत नाहीत, आणि अंघोळीचं पाणी किती वाजता जातं. पन्नास मीही दिले. दोनदा. संडासाबद्दल मी लिहीत नाही, ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको.

सातव्या दिवशी लिस्टला नाव लागलं. रक्ताच्या दोन पिशव्या तयार ठेवायच्या होत्या. दादाने रक्त दिलं, भाच्याने दिलं, आणि पिशवी रक्तपेढीतून ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत मी आणली. तोवर हे काम कुणाचं आहे असा प्रश्नही मला पडेनासा झाला होता. खाजगीत मला आईची फाइलसुद्धा हातात धरू दिली नव्हती, इथे तिचं रक्त माझ्या हातात होतं. आईचं कुठे काय चाललंय याची खडान्‌खडा माहिती मला इथेच होती, कारण प्रत्येक कागद मीच पोचवत होते. पण ज्या म्हातारीला असं पळणारं कोणी नाही, तिचं काय होतं तेही मी त्याच वॉर्डात पाहिलं. दाराजवळच्या खाटेवर एक आजी होत्या, नातेवाईक नाही. त्यांची क्वेरी मी असेपर्यंत तरी सुटली नव्हती.

ऑपरेशन युनिटच्या मोठ्या सरांनी केलं. दीड तास. बाहेर त्याच निवासी डॉक्टरने मोबाइलवर नवा एक्स-रे दाखवला, पांढराशुभ्र गोळा वाटीत बसलेला. गंमत म्हणजे तालुक्याच्या त्या खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशनला जे सर्जन येतात, ते याच कॉलेजात, याच सरांच्या हाताखाली शिकलेले.

दुसऱ्या दिवशी आईला बसवलं, तिसऱ्या दिवशी फिजिओच्या दोन मुलींनी वॉकर देऊन उभं केलं. त्या तिला 'आज्जी, पाय उचला' म्हणायच्या आणि आई त्यांना 'तुम्ही जेवलात का' विचारायची. बाराव्या दिवशी सुट्टी. कागदावर काय करायचं नाही ते लिहिलं होतं. मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, खाली बसून उठायचं नाही. म्हणजे गावाकडच्या बाईने जे जे करून आयुष्य काढलं ते सगळं बंद. संडासासाठी भोक असलेली खुर्ची दोन हजार दोनशेला घेतली, वॉकर अकराशेला. सरकारी रुग्णालयात बारा दिवसांत, जेवणखाण, औषधं, चादरीचे पन्नास-पन्नास धरून, आमचे नऊ हजारांच्या आत गेले. तालुक्यातल्या एका रात्रीला अँब्युलन्ससकट जवळजवळ सव्वीस.

सहा आठवड्यांनी ओपीडीत दाखवायला नेलं. आईने त्या डॉक्टरासाठी भुईमुगाच्या शेंगा बांधून आणल्या होत्या. त्याची पोस्टिंग बदलली होती. शेंगा आम्ही आरोग्यमित्राच्या टेबलावर ठेवल्या. तो एका माणसाला विचारत होता, "बारा अंकी नंबर?"

पुण्याला परतल्यावर सासूबाईंचं रेशनकार्ड मागितलं. त्यांनी देवघराच्या खणातून प्लास्टिकच्या पिशवीतलं काढून दिलं. कार्ड सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन सहा वर्षं झाली. नंबर कुठेच नव्हता.