लीथच्या जिन्यातले सार्वमत

२०१४ च्या उन्हाळ्यात एडिनबरामधल्या लीथ भागातील आमच्या दोन खोल्यांच्या घरात दोन मतदार राहत होते आणि दोघांचेही पासपोर्ट भारताचे होते. स्कॉटलंडने स्वतंत्र देश व्हावे की नाही, हे १८ सप्टेंबरला ठरायचे होते आणि ते ठरवणाऱ्यांत आम्हीही होतो, कारण राष्ट्रकुलातील देशांचे जे नागरिक रीतसर परवान्यावर स्कॉटलंडमध्ये राहत होते त्यांना या सार्वमतात मत होते. मतदाराचे कार्ड टपालाने आले तेव्हा मी ते दोनदा वाचले. आम्हाला तिथे येऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. उलट माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या, इन्व्हरनेसमध्ये जन्मलेल्या एका सहकाऱ्याचा सख्खा भाऊ नोकरीसाठी सीमेपलीकडे न्यूकॅसलला गेलेला होता आणि केवळ पत्ता बदलल्यामुळे त्याला मत नव्हते. जन्म, वंश, आडनाव यांपैकी काहीही न विचारता फक्त राहता कुठे एवढेच विचारणारा हा नियम मला तेव्हाही योग्य वाटत होता आणि आजही वाटतो, पण त्याने माझी झोप उडवली हेही खरे आहे.

फोंड्याच्या आत्याला फोनवर ही बातमी सांगितली, तेव्हा कुणाला मत देणार हे न विचारता तिने पहिला प्रश्न केला तो असा : “तुम्हांला मताचा हक्क कोणी दिला?” तिचे आश्चर्य वाजवी होते. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला, तेव्हा महाराष्ट्रात विलीनीकरण हवे असणाऱ्यांची खूण फूल होती आणि संघप्रदेश राहू इच्छिणाऱ्यांची दोन पाने. आत्याने फुलाला मत दिले होते. पाने १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० अशी जिंकली. त्या वेळी मुंबईत पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या गोंयकारांना मताचा हक्क द्यावा की नाही यावर जी भांडणे झाली होती, ती तिला अजून तोंडपाठ होती. ते मतदान स्वातंत्र्यासाठी नव्हते, तुलना तंतोतंत जुळत नाही, हे मला कळते. तरी हरलेल्या बाजूचा माणूस सत्तेचाळीस वर्षांनीही मतदारयादीबद्दलच बोलतो, हे मी त्या दिवशी लक्षात ठेवले.

प्रश्न मात्र अगदी सरळ होता : “स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?” मूळ मसुद्यात “तुम्ही सहमत आहात का” असे शब्द होते, पण अशा विचारण्यात होकाराकडे ढकलणे येते म्हणून निवडणूक आयोगाने ते काढायला लावले. १९९५ साली कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात वेगळे होण्याविषयी विचारलेल्या प्रश्नात उर्वरित कॅनडाशी भागीदारीचा प्रस्ताव, विधेयक, करार आणि कराराची तारीख असे सगळे कोंबलेले होते आणि नकार जिंकला तो सुमारे ५४ हजार मतांच्या फरकाने. त्या मानाने आमचा प्रश्न शाळकरी मुलालाही कळेल असा होता. नाहीतरी सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रथमच मत मिळालेले होते. अडचण एवढीच होती की त्या सोप्या प्रश्नाखाली दुसरे वीसेक प्रश्न दडलेले होते आणि त्यांची उत्तरे मतदानानंतर मिळणार होती.

त्यांतला सर्वांत अवघड प्रश्न चलनाचा होता आणि आमच्या घरातली सर्वांत लांबलेली भांडणेही त्यावरच झाली. स्कॉटलंडमध्ये तीन व्यापारी बँका आपापल्या नोटा छापतात. आमच्या पाकिटात राणीचे चित्र नसलेल्या, तिथले वाडे आणि पूल मिरवणाऱ्या दहा पौंडांच्या नोटा असायच्या आणि लंडनला गेल्यावर दुकानदार त्या उजेडाकडे धरून संशयाने उलटसुलट करून पाहायचा. पण नोट दिसायला वेगळी असली तरी तिच्यामागची ताकद वेगळी नाही, कारण या बँकांना छापलेल्या नोटांइतकीच रक्कम तारण म्हणून ठेवावी लागते आणि त्यासाठी बँक ऑफ इंग्लंड दहा लाख पौंडांच्या आणि दहा कोटी पौंडांच्या खास नोटा काढते, ज्या कधीही कुणाच्या खिशात जात नाहीत. दहा लाखांच्या नोटेला ‘जायंट’ म्हणतात आणि दहा कोटींच्या नोटेला ‘टायटन’. नोट आपली, पत दुसऱ्याची, असा हा संसार आहे.

स्वतंत्र झाल्यावरही पौंड सामाईकच ठेवू, असे अ‍ॅलेक्स सॅमंड यांचे स्कॉटलंडमधले सरकार सांगत होते. १३ फेब्रुवारीला ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑसबोर्न यांनी एडिनबरात येऊन, तुम्ही गेलात तर पौंडही गेला, असे स्पष्ट बजावले आणि लंडनमधल्या अन्य दोन मोठ्या पक्षांनीही त्यांची री ओढली. हे धमकावणे निव्वळ फुसके आहे, असे माझ्या नवऱ्याचे म्हणणे होते. “आयर्लंडनं वेगळं झाल्यावर १९७९ पर्यंत आपला पौंड इंग्लंडच्या पौंडाला बांधून ठेवला होताच ना? जग बुडालं का?” असे तो पोळ्या लाटताना विचारायचा. (पोळ्या तोच लाटतो, माझ्या पोळ्यांचे नकाशे होतात.) माझा मुद्दा वेगळा होता. व्याजदर दुसऱ्या देशाची बँक ठरवणार असेल आणि बुडत्या बँकेला हात द्यायचा की नाही हेही तिकडेच ठरणार असेल, तर आपण नेमके कशापासून स्वतंत्र होणार, हे मला कुणी समजावून सांगत नव्हते. चलन एक आणि तिजोऱ्या अनेक असल्या की काय होते, ते युरोपने ग्रीसच्या निमित्ताने नुकतेच पाहिले होते. दूरचित्रवाणीवरच्या पहिल्या वादात नकाराच्या मोहिमेचे प्रमुख अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांनी सॅमंड यांना हाच पर्यायी योजनेचा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आणि उत्तर काही आले नाही, तेव्हा पोळीवाल्यानेही आवाज बंद केला. दुसऱ्या वादात सॅमंड यांनी बाजी उलटवली, पण ती वक्तृत्वाच्या बळावर, माझ्या प्रश्नाच्या उत्तराने नव्हे.

स्कॉटिश सरकारची स्वातंत्र्याविषयीची श्वेतपत्रिका ६७० पानांची होती. आम्ही ती मागवून घेतली आणि चहाचे कप ठेवून ठेवून तिच्या मुखपृष्ठावर गोल डाग पाडले. बालसंगोपनाविषयीचे प्रकरण मला मनापासून आवडले. उत्तर समुद्रातील तेलाचा हिशेब पिंपाला सुमारे ११० डॉलर धरून मांडलेला होता; तेव्हाच्या बाजारात तो आकडा काही अचाट नव्हता. स्वातंत्र्याचा मुहूर्त २४ मार्च २०१६ असा काढलेला होता आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत तेल तीस डॉलरच्या खाली घसरले होते, हे आता मागे वळून सांगणे सोपे आहे. पण मी त्याचे श्रेय घेणार नाही, कारण तेलाबद्दल मला तेव्हा काहीच कळत नव्हते आणि त्या मुद्द्यावर मी एकदाही तोंड उघडले नव्हते.

नवऱ्याची खरी भूमिका पैशांची नव्हतीच. क्लाइड नदीच्या मुखाशी, फास्लेनच्या तळावर, ब्रिटनच्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्या उभ्या असतात. ग्लासगोसारख्या शहरापासून इतक्या जवळ त्या ठेवायच्या की नाही, हे ज्यांच्या अंगणात त्या आहेत त्यांनी ठरवायचे नाही तर कुणी, असा त्याचा सवाल होता. शिवाय स्कॉटलंडने एका पक्षाला भरभरून मते द्यावीत आणि लंडनमध्ये सरकार दुसऱ्याच पक्षाचे यावे, हे त्याला सहन होत नसे. १९७९ च्या सार्वमताची गोष्ट तो प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचा. तेव्हा मत देणाऱ्यांपैकी ५१.६ टक्के लोकांनी स्थानिक विधिमंडळाच्या बाजूने कौल दिला होता, पण एकूण मतदारांपैकी ४० टक्के होकार पाहिजेत अशी अट आधीच घातलेली असल्यामुळे तो कौल वाया गेला होता. “न आलेल्यांची आणि मेलेल्यांची मतंसुद्धा नकारात धरली,” असे तो सांगायचा आणि पाहुणे मान डोलवायचे.

आमच्या जिन्यात, तळमजल्यावर, एक निवृत्त परिचारिका राहत असत; आम्ही आपसांत त्यांना आजीबाई म्हणत असू. त्यांचा सतरा वर्षांचा नातू होकाराचा निळा बिल्ला लावून दारोदार पत्रके वाटत हिंडायचा आणि आजीबाईंनी दाराच्या काचेवर नकाराचे पत्रक लावलेले होते, म्हणजे नातू रोज त्या पत्रकाखालूनच आत जायचा. एका संध्याकाळी जिना पुसण्याची पाळी माझी असताना त्या बाहेर आल्या. मला वाटले, त्या इतिहास काढतील, स्कॉटलंड आणि इंग्लंड यांना एक करणारा १७०७ चा कायदा काढतील. त्यांनी फक्त हिशेब मांडला. निवृत्तिवेतन पौंडांत येते, वय ७४ आहे, पहिली दहा वर्षे कठीण जातील असे होकारवालेही मान्य करतात, आणि ती दहा वर्षे हेच माझे उरलेले आयुष्य आहे, असे त्या म्हणाल्या. मग क्षणभर थांबून त्यांनी मला विचारले की गोष्टी बिघडल्या तर तुम्ही दोघे काय कराल. मी उत्तर दिले नाही, फडके पिळत राहिले. आम्ही काय केले असते ते आम्हा तिघांनाही ठाऊक होते. आमच्याकडे परतीचा देश होता.

त्या रात्रीपासून माझ्या दृष्टीने वाद पौंडाचा किंवा पाणबुड्यांचा राहिला नाही. ज्याचे परिणाम मला कधीही टाळता येतील असा धोका, ज्यांना तो टाळता येणार नाही त्यांच्या गळ्यात मी बांधावा का, एवढाच प्रश्न उरला. नवऱ्याला हे पटले नाही आणि त्याचा प्रतिवाद दुबळा नव्हता. हाच तर्क लावायचा तर नातवाने काय करायचे, त्याला तर पुढची साठ वर्षे काढायची आहेत, आणि नकाराचे परिणामही त्यालाच भोगायचे आहेत, असे तो म्हणाला. यावर मी असे उत्तर दिले की ‘नाही’ म्हटले तर उद्या पुन्हा विचारता येते, ‘हो’ म्हटले की परत फिरता येत नाही. हे वाक्य तेव्हा मला बिनतोड वाटले होते.

शेवटच्या पंधरवड्यात वातावरण तापले. ७ सप्टेंबरच्या एका जनमत चाचणीत होकार ५१ विरुद्ध ४९ असा पुढे दिसला आणि लंडनचे पुढारी धावपळ करीत उत्तरेकडे आले. १६ तारखेला तिन्ही पक्षांच्या नेत्यांच्या सह्यांनी एका वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर ‘शपथ’ छापली गेली की तुम्ही राहिलात तर एडिनबराच्या पार्लमेंटला आणखी अधिकार देऊ. टपालाने आलेली कित्येक मते तोवर पेटीत पडलेलीसुद्धा होती. एवढी मोठी गोष्ट दोन दिवस उरले असताना आठवावी, याचा मला इतका संताप आला की त्या दिवशी मी होकाराच्या बाजूला गेलेच होते. दुसऱ्या दिवशी परतले.

मतदान सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत होते. ऑफिसला जाण्याआधी आम्ही दोघे शाळेच्या सभागृहात गेलो. आपली दोन मते एकमेकांना खाऊन टाकणार, मग घरीच बसून चहा घेतलेला काय वाईट, असा विनोद मी वाटेत केला आणि तो हसला नाही. मतपत्रिका पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी होती. प्रश्नाखाली दोन चौकोन आणि फुली मारायला दोऱ्याने बांधलेली आखूड पेन्सिल. पेन्सिलीची फुली खोडून टाकतील या भीतीने काही मंडळी घरून पेन घेऊन आली होती. मी पेन्सिलनेच ‘नाही’ समोर फुली मारली. त्यासाठी चार सेकंदही लागले नाहीत.

निकालात नकाराला ५५.३ टक्के मते मिळाली आणि होकाराला ४४.७. मतदान ८४.६ टक्के झाले होते. ग्लासगो आणि डंडी होकाराच्या बाजूने गेले, एडिनबरा ठामपणे नकाराच्या. खालच्या दारावरचे पत्रक आजीबाईंनी त्याच सकाळी काढून टाकले आणि मला वाटते, ते नातवासाठी काढले. तो आठवडाभर तिकडे फिरकला नाही.

माझ्या बिनतोड वाक्याचे काय झाले, तेही लिहायला हवे. माझ्या ऑफिसात पोलंडची एक सहकारी माझ्या शेजारच्या टेबलावर बसत असे. युरोपीय संघाची नागरिक म्हणून तिलाही २०१४ मध्ये मत होते आणि तिने ‘नाही’ वर फुली मारली होती, कारण स्कॉटलंड वेगळा झाला तर त्याला संघात शिरकाव मिळणे फार अवघड जाईल असे युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष बारोसो यांनी जाहीरपणे सांगितले होते आणि ब्रिटनमध्ये राहणे म्हणजेच युरोपात राहणे असे नकारवाले घरोघरी सांगत होते. दोन वर्षांनी ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचे सार्वमत घेतले. स्कॉटलंडमधल्या ६२ टक्के लोकांनी राहण्याच्या बाजूने मत दिले आणि तरी त्यांना बाहेर पडावे लागले. आहे ते आहे तसे राखण्याचा चौकोन त्या मतपत्रिकेवर नव्हताच, हे मला तेव्हा दिसले नाही. नवऱ्याला दिसले होते की नाही, कोण जाणे. तो तसा दावा करतो.

त्या दुसऱ्या सार्वमताची मतदारयादी वेगळी होती. राष्ट्रकुलातील नागरिक म्हणून मला त्यातही मत होते. पोलंडची ती सहकारी माझ्यापेक्षा सहा वर्षे जास्त तिथे राहिलेली होती, तिचे मूल तिथल्या शाळेत जात होते आणि प्रश्न तिच्याच राहण्याचा होता, पण आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडून संघातल्या बाकी देशांच्या नागरिकांना त्या वेळी मत नव्हते. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी मी संगणक बंद करून पिशवी उचलली, तेव्हा कुठे निघालीस असे तिने विचारले आणि मी सांगितले. तिने मान हलवली, माझ्या खुर्चीवर विसरलेली छत्री उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “चाललीच आहेस, तर माझंही टाकून ये.”